मागच्या रांगेचं लघुलेखन

परळच्या एका वाचनालयात मी सव्वीस वर्षं नोकरी केली. दिवसा पुस्तकं द्यायची-घ्यायची आणि डिसेंबरातल्या व्याख्यानमालेत, संध्याकाळी, वक्त्याच्या डाव्या हाताला एक लहानसं टेबल मांडून तो बोलेल तो शब्द न शब्द लिहून घ्यायचा. हुद्द्याचं नाव लिपिक-लघुलेखक. घोडपदेवला आमच्या चाळीत हे नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. तिथे मी 'भाषणं लिहिणारी परबांची सुलू' होते. त्यामुळे काहींची समजूत अशी, की मोठ्या लोकांना भाषणं मीच लिहून देते. एकदा शेजारचे एक गृहस्थ पुतण्याच्या लग्नात बोलायचं आहे, चार ओळी द्या म्हणून आले. मी दिल्या. त्या चांगल्या झाल्या असं ऐकलं.

लघुलेखन आता फारसं कुणी शिकत नाही, म्हणून थोडं सांगते. बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. तेवढे शब्द आपल्या अक्षरांत लिहिणं कोणत्याही हाताला जमणार नाही. मग प्रत्येक उच्चाराला एक रेघ असते. क बारीक, ग तीच पण जाड. काना-मात्रा गाळायच्या, नाहीतर हात मागे पडतो. म्हणजे मन, मान आणि मौन हे तिन्ही शब्द कागदावर एकसारखे दिसतात. कोणता कोण, हे मागच्यापुढच्या वाक्यावरून ओळखायचं. एका वृद्ध तत्त्वज्ञांनी भाषणाच्या शेवटी म्हटलं होतं, की सगळं बोलून झाल्यावर माणसापाशी मौन उरतं. मी टाइप करताना तिथे मान घातला. त्यांनी तपासताना तो शब्द दुरुस्त केला आणि समासात बारीक अक्षरांत लिहिलं, 'मान उरला असता तर मौन कशाला धरलं असतं?' तो कागद मी जपून ठेवला आहे.

दादरला ज्या क्लासात मी हे शिकले, तिथल्या करंदीकरबाईंचा एकच आग्रह असे. बोलणाऱ्याच्या मागे तीन शब्द राहायचं, पुढे कधी जायचं नाही. पुढे जायचा मोह फार होतो. माणूस वाक्य सुरू करतो आणि ते कुठे संपणार हे आपल्याला आधीच कळतं, हात तिकडे धावतो. सभागृहातल्या सगळ्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन मी शेकडो भाषणं ऐकली, आणि खरा विचार करणारा माणूस ओळखायची माझी खूण एवढीच आहे, की त्याच्या वाक्याचा शेवट मला आधी सांगता येत नसे.

आमच्याकडे शास्त्रज्ञ यायचे, डॉक्टर यायचे, तर्कशास्त्र शिकवणारे, मानसशास्त्र शिकवणारे. विषय साधारण एकाच घरातले असत. माणूस असा का वागतो, जगायचं कशासाठी, भीती कुठून येते, आकाश एवढं मोठं असताना आपण कोण. मेंदूचे एक नावाजलेले डॉक्टर पिशवीत फ्लॉवरचा गड्डा घेऊन आले होते. मेंदूच्या घड्या कशा असतात ते त्यांनी त्यावर इतकं सुंदर दाखवलं, की पुढे कितीतरी दिवस मला फ्लॉवर चिरताना अपराधी वाटे. भाषण संपल्यावर त्यांनी तो गड्डा आठवणीनं परत पिशवीत टाकला. घरी भाजीला सांगितला होता म्हणाले.

दुसरे एक वक्ते होते, आवाज असा की खिडक्यांच्या काचा थरथरत. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. तेच ते एकदाच धरून मी टाइप केलं तेव्हा तासाभराच्या भाषणाची जेमतेम सव्वादोन पानं झाली. ते पाहून ते रागावले. बाई, तुम्ही अर्धं गाळलंत, म्हणाले. मी वही उघडली आणि त्यांच्यासमोर सगळं वाचून दाखवलं. एकच वाक्य अकरा वेळा आलं होतं, ते अकराही वेळा वाचलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा प्यायला आणि सही केली. पुढच्या वर्षी ते आले तेव्हा आवाज निम्मा होता आणि पानं नऊ झाली. ह्याचं श्रेय मी घेते.

पण मला सांगायचं आहे ते गिरण्यांच्या संपाच्या वर्षाबद्दल.

माझे बाबा, भिकाजी परब, गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर काम करणारे. गाव मालवणजवळचं. मी वाचनालयात लागले तेव्हा त्यांना फार आनंद झाला होता. भाषण असलं की मी घरी यायच्या आधी ते गॅलरीत उभे असत आणि विचारत, "आज खंयचो इद्वान इल्लो गो?" मी जेवताना त्यांना भाषण सांगायची. त्यांना तारे आवडत. माणसाच्या स्वभावावरचं भाषण असलं तर ते थोडं ऐकून म्हणत, की ह्याला आमच्या खात्यात महिनाभर ठेवा, मग काय सांगतो बघू.

संप सुरू झाला त्याला डिसेंबरात वर्ष होत आलं. पहिल्या महिन्यांतला जोर ओसरला होता. करी रोडला, लालबागला, आमच्याकडे घोडपदेवला खोल्याखोल्यांना कुलपं दिसत होती, माणसं गावी गेली होती. जी राहिली होती ती सकाळी उठून तयार होत आणि मग कुठे जायचं हे न कळून गॅलरीत बसत. बाबा ताऱ्यांचंही विचारेनासे झाले. बोलणंच कमी झालं होतं त्यांचं. घरात माझा एकटीचा पगार येत होता आणि त्याबद्दल आमच्यात एक अक्षरही कधी निघत नसे.

अशात व्याख्यानमाला घ्यायची की नाही, ह्यावर वाचनालयात वाद झाला. आमचे कार्यवाह गुप्ते हे सचोटीचे आणि भित्रे असे दोन्ही होते. वस्तीत चुली थंड असताना आपण दिवे लावून विद्वानांची भाषणं करायची हे शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी ते घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "पोट रिकामा आसा म्हणून डोक्यातय काय घालूचा नाय काय?" दुसऱ्या दिवशी मी हे वाक्य गुप्त्यांना जसंच्या तसं सांगितलं. शब्द पोचवणं हेच माझं काम होतं. व्याख्यानमाला झाली.

आणि सभागृह भरलं. एरवी आमच्याकडे शिक्षक, कारकून, पेन्शनर येत. त्या वर्षी गिरणीतली माणसं आली. इतकी, की पेन्शनरांना जागा मिळेना. त्यांना वेळ होता आणि घरात बसवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी नजर उचलली तर शेवटच्या रांगेच्याही मागे, भिंतीला टेकून, बाबा उभे होते. मला न सांगता आले होते.

त्या दिवशी डॉ. कीर्तने यांचं भाषण होतं. दादरकडच्या एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. पन्नाशीच्या, किरकोळ बांध्याच्या, नऊवारी नेसणाऱ्या. विषय दिला होता 'जीवाची चिकाटी'. शिवडीच्या खाडीत जे तिवराचं झाड वाढतं, त्यावर त्यांनी आयुष्य घालवलं होतं. त्यांनी एक मोठी फांदी आणली होती. ती त्यांनी पहिल्या रांगेत दिली आणि सांगितलं, की पानाला जीभ लावून बघा आणि पुढे द्या. फांदी सभागृहभर फिरली. पानं खारट होती. खाऱ्या चिखलात उभं राहून हे झाड मीठ पानातून बाहेर टाकतं, त्या म्हणाल्या. चिखलात हवा नाही, म्हणून ते मुळं वर काढतं आणि त्यांनी श्वास घेतं. जिथे दुसरं झाड आठवडाभर टिकणार नाही तिथे हे शंभर वर्षं उभं राहतं. त्यांचं बोलणं साधं होतं, आणि वाक्यांचे शेवट मला ओळखता येत नव्हते. लोक इतके शांत होते, की माझ्या पेन्सिलीचा आवाज मला ऐकू येत होता. शेवटी त्या म्हणाल्या, की जगणं म्हणजे जागा बदलून मागणं नव्हे, मिळाल्या जागेत श्वास कसा घ्यायचा ते शोधणं. टाळ्या झाल्या. मी वही मिटली.

वही मिटणं हा नियम होता. भाषण लिहायचं, प्रश्नोत्तरं लिहायची नाहीत. प्रश्न विचारणारे बहुधा आपलंच ज्ञान दाखवतात, ते कशाला छापायचं, असं समितीनं फार पूर्वी ठरवलं होतं. त्या वेळात मी पेन्सिलीला टोक काढत असे.

लालबागचा एक कामगार उठला. शिवराम तावडे असं नाव सांगितलं. तिशीचा असेल, शर्ट स्वच्छ धुतलेला. म्हणाला, "बाई, झाडाला पाय नाहीत. त्याला जाताच येत नाही, म्हणून ते राहतं. मला पाय आहेत, गावही आहे. आता मी राहावं की जावं? आणि राहिलो, तर ती चिकाटी झाली की नुसता हट्ट, हे कसं ओळखायचं?"

तो खाली बसला नाही. उभाच राहिला. डॉ. कीर्तने टेबलाच्या कडेला हात धरून उभ्या होत्या. वक्ते अशा वेळी लगेच बोलायला लागतात, कारण गप्प राहिलं तर हरलो असं त्यांना वाटतं. बाई बोलल्या नाहीत. मला वाटलं त्यांना प्रश्न ऐकू आला नाही. मग त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. मी झाडं पाहिली. तुमच्यासारखं थांबायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. तुम्ही सगळे वर्षभर थांबलात. तुम्हीच सांगा, मी ऐकते." आणि त्या खुर्चीत बसल्या.

मी वही उघडली. नियम मोडते आहे हे मला कळत होतं. गुप्ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

तावडे बोलला, मग दुसरा उठला, मग तिसरा. सभेत बोलतात तसं कुणी बोलत नव्हतं. घोषणा नव्हत्या, कुणाला शिव्या नव्हत्या. करी रोडचे महादेव साळवी म्हणून एक होते, त्यांनी सांगितलं, की मी रोज सकाळी गिरणीच्या फाटकाच्या कोपऱ्यापर्यंत जातो, आत जावंसं वाटतं, आणि वळून घरी येतो. हे बोलायला त्या दिवसांत किती धैर्य लागत होतं, हे त्या वस्तीत राहिलेल्यालाच कळेल. कुणी त्यांना गप्प केलं नाही. सहा माणसं बोलली. वहीची पानं संपली, तेव्हा मी व्याख्यानमालेच्या उरलेल्या जाहिरातींच्या कोऱ्या पाठीवर लिहायला लागले.

सातवा आवाज आला तो ओळखायला मला एक क्षण लागला, कारण तो मी असा कधी ऐकला नव्हता. मान वर न करता मी लिहीत राहिले. प्रमाण मराठीच्या रेघा माझ्या बोटांत होत्या. मालवणीच्या रेघा मला कुणी शिकवल्या नव्हत्या. त्या मी तिथेच केल्या.

बाबा म्हणाले, "मी साचेवालो. तीस वर्सां धागो तुटलो की गाठ मारूची, ह्याच माझा काम. आता धागोच नाय. पन झोपेत माझी बोटां हलतत, गाठी मारतत, असा माझी बायल सांगता. घर आता माझी पोर चलयता. मी तिका कधी सांगूक नाय, पन ताटावर बसलंय की पयलो घास घशाखाली जाणा नाय. ह्यो तावडे इचारता, जावचा की ऱ्हवचा. माकाय गाव आसा. पन गावाक गेलंय, तर ह्या बोटांका कोण सांगतलो, आता गाठ मारू नको म्हणून?"

मी त्यांच्या तीन शब्द मागे होते. तेवढंच अंतर मला त्या वेळी उपयोगी पडलं. शब्द कानावर यायचा तेव्हा हात आधीच्या शब्दात गुंतलेला असायचा, त्यामुळे रडायला सवड मिळाली नाही.

आम्ही दोघं चालत घरी आलो. आईनं भात वाढला आणि आम्ही जेवलो.

पुढे अडचण आली ती पुस्तिकेची. भाषणं दरवर्षी छापली जात. मी डॉ. कीर्तने यांचं भाषण टाइप केलं, त्याखाली प्रश्न टाइप केला, त्यांचं 'मला माहीत नाही' टाइप केलं, आणि मग सातही जणांचं बोलणं. गुप्त्यांनी वाचलं. चष्मा काढून ठेवला. त्यांना ते आवडलं होतं हे मला दिसत होतं, पण छापायला ते तयार नव्हते. एक तर बाईंसारख्या विदुषीच्या तोंडी 'मला माहीत नाही' घालून आपण त्यांचा पाणउतारा करतो. आणि दुसरं, जास्त खरं कारण असं, की ह्या माणसांची नावं छापली तर उद्या कुणी तरी त्यांना ह्यावरून विचारेल. फाटकापर्यंत जातो म्हणणाऱ्याला तर दोन्ही बाजूंनी. तुमच्या वडिलांचंही आहे ह्यात, ते हळू आवाजात म्हणाले.

मी सांगितलं, की पुढचं काढलंत तर आधीचं भाषण खोटं होईल. बाईंनी जे सांगितलं ते त्या प्रश्नापर्यंतच पुरं होतं. नंतर जे झालं त्यामुळे ते खरं झालं. मी एवढं लांब वाक्य गुप्त्यांसमोर पहिल्यांदाच बोलले. त्यांनी दोन अटी घातल्या. बाईंची लेखी संमती आणि सातही जणांची.

बाईंचं पत्र चार दिवसांत आलं. त्यात एवढंच होतं, की भाषण लांब वाटत असेल तर कापा, 'मला माहीत नाही' मात्र ठेवा, कारण त्या संध्याकाळी मी जे बोलले त्यातलं तेवढंच नवीन होतं.

मग मी वही घेऊन घरोघर फिरले. मी नुसतं परवानगी मागत नसे. प्रत्येकाला त्याचं बोलणं वाचून दाखवायची. वक्त्यांना तशी सवय असते. ह्या माणसांनी आपलं बोलणं कधी परत ऐकलं नव्हतं. आमच्याच वस्तीतल्या एका म्हाताऱ्यानं मला तीनदा वाचायला लावलं आणि तिसऱ्यांदा एक शब्द बदलून घेतला. तो 'वाट बघतो' म्हणाला होता, त्याला 'वाट बघत होतो' करून हवं होतं. मी केलं. खाली उतरताना जिन्यात मला त्या एका बदलाचा अर्थ कळला आणि मी थोडा वेळ तिथेच थांबले.

करी रोडला साळव्यांच्या खोलीत महादेव होते आणि त्यांचा धाकटा भाऊ गणपत, तांदूळ निवडत बसलेला. गणपत हा संपाचा कडवा माणूस, फाटकाकडे बघणाऱ्याला गद्दार म्हणणारा. मी तो भाग येताच थांबले. महादेव म्हणाले, वाचा. मी वाचलं. गणपतनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता भांडण. तो भावाकडे न बघता म्हणाला, "त्या कोपऱ्यावर मीपण जातो. हा दिसू नये म्हणून मागच्या गल्लीनं जातो." महादेवनी नाव न घालता छापायला सांगितलं; इतक्या वर्षांनी आता ते घ्यायला हरकत नसावी. गणपतला वाटत होतं आपलं वाक्यही यावं. पण तो सभागृहात बोलला नव्हता, आणि सभागृहात जे बोललं गेलं तेच लिहायचं हा माझा नियम मी तिथे पाळला. चुकलं माझं. एक नियम मोडायचं धाडस केलं होतं, दुसरा मोडला असता तर काही बिघडलं नसतं. म्हणून ते वाक्य आज इथे लिहिलं.

लालबागला पोचले तर तावडेच्या खोलीला कुलूप. आठवडा झाला, शेजारीण म्हणाली, बायकोमुलांना घेऊन गावी गेला. गाव कुठलं हे तिला नक्की सांगता येईना. ज्यानं प्रश्न विचारला त्यानंच उत्तर सगळ्यांच्या आधी दिलं होतं, आणि ते बरोबर होतं की चूक हे विचारायला तो समोर नव्हता. नाव वगळायचं ठरल्यावर गुप्त्यांनी त्याच्यापुरती अट सोडली आणि त्याचा प्रश्न 'एक श्रोता' ह्या नावाखाली छापला. त्याची परवानगी मला कधीच मिळाली नाही. पुढे वाचनालयात तिशीचा कुणी नवा माणूस दारात दिसला की मी नीट बघायची.

शेवटी बाबा राहिले. घरातच असल्यामुळे ते सगळ्यात अवघड होतं. रविवारी दुपारी आई देवळात गेलेली असताना मी वही काढली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. वाचायला लागले. मालवणीतच वाचलं, एकही शब्द सुधारला नव्हता. ताटाच्या वाक्याशी माझा आवाज अडखळला, पण मी थांबले नाही. बाबा स्वतःच्या बोटांकडे बघत होते.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्या मी बोललंय?"

मी हो म्हटलं.

"सगळा? असाच?"

"असंच. मी काही घातलेलं नाही."

बाबांनी बोटं मिटून घेतली. मग म्हणाले, "मगे नाव घाल. आख्खा घाल." आणि थोड्या वेळानं, उठता उठता, मला म्हणाले, की आज मासे आण, वर्षभरात आपण नीट जेवलो नाही.

पुस्तिकेत सात जणांपैकी पूर्ण नाव एकाचंच आहे. भिकाजी परब, साचा खातं.

ती पुस्तिका वस्तीत जितकी वाचली गेली तितकी आमची कुठलीच वाचली गेली नव्हती. गॅलरीत एक जण मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. कुणाला कुणी त्रास दिला नाही, गुप्त्यांची भीती खोटी ठरली. संप काही रीतसर मिटला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. गुप्त्यांनी त्यांना वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवायला बोलावलं आणि बाबा बांधणीचं काम शिकले. सुई, दोरा आणि गाठ. पुढची चौदा वर्षं ते आमच्याच वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून पुस्तकं शिवत होते, आणि ताऱ्यांचं पुन्हा विचारायला लागले होते.

व्याख्यानमालेचा नियम मात्र कायमचा बदलला. प्रश्नोत्तरंही लिहायची, असं समितीनं ठरवलं. ह्याचा मला एक अनपेक्षित फायदा झाला. काही वर्षांनी टेपरेकॉर्डर आला. तो व्यासपीठावर ठेवला, भाषण स्वच्छ उतरलं, आणि आता तुमचं हे काम संपलं असं मला समजुतीच्या स्वरात सांगण्यात आलं. पण यंत्र वक्त्यासमोर होतं आणि प्रश्न मागच्या रांगेतून येत. टेपवर तिथून नुसती गुणगुण ऐकू यायची. त्यामुळे भाषण यंत्रानं घ्यायचं आणि प्रश्न मी, अशी वाटणी झाली. मी माझं टेबल उचलून सभागृहाच्या मधोमध नेलं. प्रश्न विचारणाऱ्यांनाही हळूहळू वळण लागलं. आधीचं लिहून झालं की मी मान हलवायची, मगच पुढच्यानं बोलायचं.

माझ्या नोकरीतलं शेवटचं भाषण एका फार मोठ्या शास्त्रज्ञांचं होतं. माणूस मुळात स्वार्थी असतो की दुसऱ्यासाठी झटणारा, हा विषय. परदेशात शिकवून आलेले, बोलणं अतिशय रेखीव. तोवर गिरण्यांच्या जागी इमारती चढायला लागल्या होत्या आणि सभागृहात जुने चेहरे थोडे होते. प्रश्नांच्या वेळी माझगावच्या कोळीवाड्यातल्या एक बाई उठल्या. हिराबाई असं नाव सांगितलं. बाजारातून थेट आल्या असाव्यात, लुगड्याचा ओचा अजून ओला होता.

त्यांचा प्रश्न असा, की समुद्रावर वारा सुटला तर आमची माणसं आपला जीव धोक्यात घालून दुसऱ्याची होडी ओढून आणतात, मग ती होडी वैऱ्याची का असेना. आणि तीच माणसं बंदरावर आली की टोपली ठेवायच्या वीतभर जागेवरून एकमेकांची डोकी फोडतात. ह्यातला खरा माणूस कोणता समजायचा, पाण्यातला की बंदरावरचा?

शास्त्रज्ञ खूश झाले. फार सुंदर प्रश्न आहे म्हणाले आणि लगेच उत्तर द्यायला लागले. हिराबाईंनी हात वर केला.

"जरा थांबा, सायेब," त्या म्हणाल्या. "त्या बाईंचं लिवून होऊ द्या."

ते थांबले. सगळं सभागृह माझ्याकडे वळून बघत होतं. माझ्या हातून अजून तीन शब्द राहिले होते. ते मी सावकाश, जाड-बारीक रेघा नीट सांभाळून लिहिले, पेन्सिल खाली ठेवली आणि मान हलवली.